उपग्रहाच्या रडारवरून ज्वालामुखीचा उद्रेक किती दिवस आधी कळतो? बेळगावात राहून हे काम शिकता येईल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बेळगावात बी.एस्सी. करता, भूगर्भशास्त्र विषय आहे, आणि इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह उडाल्यापासून सगळे सांगताहेत की आता ज्वालामुखी फुटायच्या दहा-पंधरा दिवस आधी कळणार. इथं राहून शिकता येईल का, याचं उत्तर हो असं आहे. पण ‘किती दिवस आधी’ या तीन शब्दांवरून एका जुन्या सहकाऱ्याशी माझा वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही. म्हणून त्यावर आधी बोलतो.

रडार उद्रेक सांगत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जमीन उपग्रहाकडे किती सरकली किंवा लांब गेली, एवढंच ते सांगतं. त्या सरकण्याचा अर्थ माणूस लावतो, आणि चुका तिथं होतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युलिएट बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली 198 ज्वालामुखींची अठरा वर्षांची रडार निरीक्षणं एकत्र मांडली. 54 ठिकाणी जमीन हललेली दिसली आणि त्यातले 25 फुटले. उरलेल्या 144 पैकी 9 मात्र काही हललेलं न दिसताच फुटले. म्हणजे फुगवटा दिसला तरी निम्म्याहून अधिक वेळा उद्रेक झालेलाच नाही. बोलिव्हियातला उतुरुंकू कित्येक दशकं वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वर येत होता, आणि त्याचा शेवटचा उद्रेक काही लाख वर्षांपूर्वीचा आहे. उलट काँगोतला न्यिरागोंगो 22 मे 2021 ला फुटला, लाव्हा गोमा शहराच्या वेशीपर्यंत आला, आणि आधीच्या रडार जोड्यांत (जोडी म्हणजे एकाच जागेची दोन तारखांची चित्रं) बोट ठेवावं असं काही नव्हतं. आइसलंडात 10 नोव्हेंबर 2023 ला ग्रिंडाविकखाली सुमारे पंधरा किलोमीटर लांबीची मॅग्माची भेग काही तासांत घुसली. बारा दिवसांनी एकदा डोक्यावरून जाणारा उपग्रह त्या तासांची पूर्वसूचना कशी देणार? असं असताना दिवसांचा आकडा जो देतो, तो स्वतःच्या अंदाजाला रडारचं नाव देतो.

आता तो वाद. सप्टेंबर 2017 मध्ये बालीतल्या आगुंगखाली भूकंपांची रांग लागली. 22 तारखेला सर्वोच्च पातळीचा इशारा दिला गेला आणि जवळजवळ 1 लाख 40 हजार लोक घरं सोडून गेले. 29 ऑक्टोबरला इशारा एक पायरी खाली आणला. उद्रेक सुरू झाला 21 नोव्हेंबरला, म्हणजे पहिल्या सर्वोच्च इशाऱ्यानंतर दोन महिन्यांनी. त्या काळातल्या सेंटिनेल-1 या युरोपीय रडार उपग्रहाच्या जोड्या आम्ही नंतर सरावासाठी लावत होतो. एका इंटरफेरोग्राममध्ये, म्हणजे दोन तारखांमधला फरक रंगांनी दाखवणाऱ्या नकाशात, शिखराभोवती तीन स्वच्छ रंगीत कडी आली. सेंटिनेलची तरंगलांबी 5.55 सेंटीमीटर. लहर जाऊन परत येते म्हणून एक कडं म्हणजे तिच्या निम्मं, साधारण 2.8 सेंटीमीटर. तीन कड्यांचे झाले 8.4. सहकाऱ्यानं तेवढ्यावर ‘शिखराचा फुगवटा, 8.4 सेंमी’ असं लिहून टाकलं आणि पुढचा हिशेबही केला.

तो हिशेब मुद्दाम सांगतो, कारण एक चूक पुढं किती लांब जाते ते त्यात दिसतं. कियो मोगी यांचं 1958 चं सूत्र या क्षेत्रात सगळेच वापरतात: मॅग्माचा साठा हा खोलवरचा एक बिंदू आहे असं धरायचं. मध्यावरचा फुगवटा जिथं निम्मा होतो ते अंतर मोजायचं आणि त्याला 1.3 नं गुणायचं, की खोली आली. इथं ते अंतर तीन किलोमीटर भरलं, म्हणजे साठा चार किलोमीटर खोल. मग फुगवट्याला पायनं (3.14) आणि खोलीच्या वर्गानं गुणून 0.75 नं भागायचं, की घनफळ आलं. सगळं सरकणं उभं धरलं तर 8.4 सेंटीमीटरला सुमारे 56 लाख घनमीटर. गणितात एकही चूक नव्हती. फक्त तो मॅग्मा नव्हता, हवा होती.

हवा कशी, ते बेळगावच्या माणसाला समजावणं सोपं आहे. चोर्ला घाट उतरताना अर्ध्या वाटेत शर्ट अंगाला चिकटायला लागतो. हवेतली वाफ खालच्या थरात जास्त असते, वर कमी. रडारची लहर वाफेतून जाताना मंदावते, आणि यंत्राला ते अंतर वाढल्यासारखंच दिसतं. डोक्यावरच्या हवेतलं सगळं पाणी खाली उतरवून मोजलं आणि त्यात एक मिलिमीटरचा फरक पडला, तर उभ्या वाटेत साधारण साडेसहा मिलिमीटरची वाढ होते. लहर तिरकी येते म्हणून ती आठच्या आसपास जाते. दोन तारखांमध्ये पायथ्याच्या हवेत दहा मिलिमीटर पाण्याचा फरक पडणं उष्ण कटिबंधात रोजचं आहे, म्हणजे आठ सेंटीमीटर तिथंच आले. तीन हजार मीटरच्या शिखरावर मात्र बरीचशी वाफ पायाखाली राहते, त्यामुळं फरक थोडा पडतो. पायथा लांब गेल्यासारखा दिसतो, शिखर जवळ आल्यासारखं. डोंगर शंकूच्या आकाराचा, म्हणून हा फरक नकाशावर गोल कडी होऊन उमटतो आणि बघणाऱ्याला फुगवटा वाटतो.

तपासण्या तीन आहेत आणि तिन्ही एका दुपारात होतात. पहिली: प्रत्येक बिंदूची उंची एका अक्षावर, उलगडलेला फेज दुसऱ्या अक्षावर मांडा. फेज म्हणजे परतलेली लहर तिच्या चक्रात कुठं आहे ते माप; उलगडणं म्हणजे कडी मोजून त्याचं सलग अंतर करणं. ठिपके एका तिरक्या रेषेत बसले तर संशय हवेवर. दुसरी: दोन तारखांवर थांबू नका, तीन घ्या. अ-ब या जोडीत कडी एका दिशेची आणि ब-क मध्ये तेवढीच उलट्या दिशेची आली, आणि अ-क मध्ये जवळजवळ गेली, तर दोष ब तारखेच्या हवेचा. आमच्या जोड्यांत नेमकं हेच झालं. सहकारी म्हणाला, बारा दिवसांत फुगून पुढच्या बारा दिवसांत बसलं असेल. तसं घडू शकतं, हे मी नाकारत नाही. म्हणून तिसरी तपासणी: शेजारचा डोंगर. बातूर त्याच चित्रात आहे, आगुंगपेक्षा पुष्कळ बुटका. आगुंगच्या उतारावर पंधराशे मीटरला जो रंग होता, तोच बातूरवर पंधराशे मीटरला. दोन वेगळे ज्वालामुखी एकाच आठवड्यात, एकाच उंचीला, एकाच मापानं फुगले असं म्हणायचं असेल तर म्हणावं.

आणि खरा फुगवटा होता. हवेचा परिणाम वजा केल्यावर तो संशोधकांना सापडला. आठ ते दहा सेंटीमीटरचा, पण शिखराभोवती नव्हे तर आगुंगच्या उत्तर उतारावर, बातूरच्या बाजूला. दोन ज्वालामुखींच्या मधे मॅग्माची भेग घुसली होती. सहकाऱ्याच्या चित्रातही ती जागा होती, पण नजर देखण्या कड्यांवर खिळल्यामुळं तिकडं कुणी पाहिलं नाही. हवेला मॅग्मा समजण्यानं खोटा इशारा जातो हे सगळेच सांगतात. खरी खूण त्याच कागदावर झाकली जाते, हे कुणी सांगत नाही.

‘अनुभवी डोळ्याला कळतं’ हा सहकाऱ्याचा शेवटचा मुद्दा होता. इटलीतल्या एटना ज्वालामुखीचं उदाहरण त्यालाही दाखवलं होतं. 1995 मध्ये ईआरएस-1 या जुन्या युरोपीय रडार उपग्रहाच्या जोड्यांवरून एटना खाली बसल्याचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला, आणि तो या विद्येतल्या पहिल्या पिढीच्या निष्णात लोकांचा होता. 2000 साली, त्याच कामातला एक लेखक सोबत असलेल्या गटानं सगळ्या जोड्या पुन्हा तपासल्या आणि डोंगरभर पसरलेल्या कड्यांत हवेचा वाटा फार मोठा असल्याचं दाखवलं. डोळा त्यांच्याकडेही होता. त्यांनी आलेख काढला आणि स्वतःचं म्हणणं दुरुस्त केलं. हे मला या क्षेत्रातलं सर्वांत चांगलं उदाहरण वाटतं.

आता शिकण्याचं. सेंटिनेल-1 चा डेटा फुकट आहे. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर किंवा अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीकडं नोंदणी करा. लागते ती एसएलसी प्रकारची फाइल (तिच्यात फेज असतो), आयडब्ल्यू मोडची, म्हणजे जमिनीवर नेहमी वापरतात त्या रुंद पट्ट्यांच्या पद्धतीची. जीआरडी चालत नाही, तिच्यात फेज नसतो. नवशिका पहिल्या दिवशी हीच चूक करतो आणि संध्याकाळी विचारतो की रंग का येत नाहीत. एक फाइल चार ते आठ जीबीची. दोन्ही तारखा एकाच ट्रॅकच्या आणि एकाच दिशेच्या हव्यात, नाहीतर जोडी लागतच नाही. संगणकात सोळा जीबी रॅम असेल तर एका पट्ट्याचं काम होतं, बत्तीस असेल तर सुखानं होतं.

युरोपीय अवकाश संस्थेच्या स्नॅप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा: टॉप्स स्प्लिट करून हवा तेवढाच पट्टा आणि त्यातले हवे तेवढेच बर्स्ट (पट्टा ज्या तुकड्यांनी बनतो ते) घ्या. ऑर्बिट फाइल (उपग्रहाची नेमकी कक्षा सांगणारी) लावा. अचूक फाइल सुमारे तीन आठवड्यांनी मिळते, घाईत तात्पुरतीवर काम चालतं. मग दोन प्रतिमा एकमेकींवर बसवणारं बॅक-जिओकोडिंग, त्यानंतर ती जुळणी आणखी बारीक करणारी एन्हान्स्ड स्पेक्ट्रल डायव्हर्सिटी. ही पायरी कंटाळून गाळू नका. उड्डाणाच्या दिशेत दोन प्रतिमा पिक्सेलच्या हजाराव्या भागापर्यंत जुळाव्या लागतात. नाही जुळल्या तर बर्स्टच्या शिवणीवर रंग तुटलेला दिसतो आणि तो भूकंपाच्या भेगेसारखा वाटतो. मग इंटरफेरोग्राम, डीबर्स्ट, उंचीचा फेज वजा करणं, मग गोंगाट कमी करणारे मल्टिलूक आणि गोल्डस्टीन फिल्टर. फिल्टर जोरात लावला की चित्र सुंदर होतं आणि गोंगाटातही पट्टे तयार होतात, म्हणून कोहिरन्सची प्रतिमा (दोन तारखांत पृष्ठभाग किती सारखा राहिला ते 0 ते 1 मध्ये दाखवणारी; सारखा तो उजळ, बदललेला तो काळा) कायम शेजारी उघडी ठेवा.

उंचीसाठी बहुतेक जण एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातल्या रडारनं केलेला, नकाशा वापरतात. तो फेब्रुवारी 2000 मधला आहे, आणि ज्वालामुखीवर त्यानंतर डोंगरच बदललेला असू शकतो. दोन कक्षांमधलं लंब अंतर शंभर मीटर असेल तर सेंटिनेलला साधारण 150 मीटर उंचीचा फरक एका कड्याएवढा दिसतो. 2000 नंतर साठ मीटर जाडीचा लाव्हा साचला असेल आणि नकाशाला तो ठाऊक नसेल, तर सेंटीमीटरहून अधिक खोटं सरकणं तुमच्या उत्तरात शिरलं. ते नेमकं विवराशेजारी शिरतं, जिथं तुम्ही खरं शोधताय. अंतर तीस मीटरची जोडी निवडली की ही चूक तिसऱ्या हिश्श्यावर येते.

फेज उलगडायला स्नाफू हा प्रोग्राम वापरतात. कोहिरन्स 0.3 च्या खाली असलेला भाग आधी झाका, नाहीतर तिथून उलगडणं घसरतं आणि पलीकडचा अख्खा तुकडा बरोब्बर 2.8 सेंटीमीटरनं वर किंवा खाली जातो. बरोब्बर एका कड्याएवढी उडी दिसली की जमिनीवर नव्हे, उलगडण्यावर संशय घ्या. चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडं) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडं), दोन्ही दिशांच्या फेऱ्या करा. एकाच दिशेच्या चित्रात वर येणं आणि बाजूला सरकणं वेगळं काढता येत नाही. उत्तर-दक्षिण सरकणं दोन्हींतही जवळजवळ दिसत नाही, कारण उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडं जातो आणि आडवा बघतो. उतरती फेरी सकाळी सहाच्या सुमाराची असते. दुपारचे ढग तेव्हा निवळलेले असतात, म्हणून उष्ण देशांत सुरुवात तिच्यावर करा. हवेच्या दुरुस्तीसाठी न्यूकॅसल विद्यापीठात सुरू झालेले जीएसीओएस नकाशे फुकट मिळतात. ते थरांची हवा बरी काढतात, स्थानिक ढग काढत नाहीत. काही जोड्यांत ते गोंगाट वाढवतात, तेव्हा लावण्याआधीचं आणि नंतरचं चित्र दोन्ही जपून ठेवा.

संगणक कमजोर असेल तर अलास्काचं केंद्र हायपी3 सेवेतून जोडी स्वतः लावून देतं. ब्रिटनच्या कॉमेट गटाच्या संकेतस्थळावर जगभरच्या ज्वालामुखींचे तयार इंटरफेरोग्राम ठेवलेले असतात. पण निदान एक जोडी स्वतः पायरीपायरीनं लावल्याशिवाय तयार चित्रांना हात लावू नका.

ती पहिली जोडी बेळगावचीच लावा. आपल्या पायाखाली ज्वालामुखीचा दगड आहे, खरं तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो जागा होईल ही भीती सोडून द्या. इथं शिकायचंय ते कोहिरन्स. जानेवारीतली बारा दिवसांची जोडी घ्या. शहर, कॅम्प, खडीच्या खाणी, गोकाकचा उघडा खडक उजळ दिसतील. हिडकलचं पाणी काळं. खानापूरकडचं जंगल काळपट, कारण सेंटिनेलची लहर पानांवरूनच परतते आणि पानं दोन दिवस सारखी राहत नाहीत. संकेश्वर, हुक्केरी, चिकोडीकडं मात्र बारकाईनं बघा. गाळप हंगामात बारा दिवसांत ज्या फडाची तोड झाली तो काळा पडतो, बांधापासून बांधापर्यंत चौकोन. राखेचा थर बसलेला उतार किंवा नवा लाव्हा ज्वालामुखीवर असाच काळा उमटतो. काळा म्हणजे जमीन खचली नव्हे, वरचा पृष्ठभाग बदलला. उसाच्या फडात हे एकदा ओळखता आलं की विवराशेजारी गल्लत होत नाही. हीच जोडी जुलै-ऑगस्टची लावा, म्हणजे पावसात काय काय हातचं जातं तेही कळेल.

भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तुम्हाला तिथंच काम करायची इच्छा असेल, पण सुरुवात तिथून करू नका. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, चहूकडं समुद्र. पाण्यावर फेज टिकत नाही, त्यामुळं ‘न हललेली’ म्हणून धरायला शेजारची जमीनच नाही. अख्खं बेट पाच सेंटीमीटर वर आलं तर इंटरफेरोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याला फक्त बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक मोजता येतो. उपग्रहाकडं तोंड असलेला अर्धा डोंगर चित्रात दुमडून येतो, आणि राख पडत राहिली की मधला भाग काळा.

मी इंटरफेरोग्रामवरच एवढं बोललो, पण माणसं वाचवण्यात मोठं काम कधी कधी साध्या रडार छायाचित्रानं केलंय. 2010 मध्ये इंडोनेशियातला मेरापी ढगात आणि धुरात बुडालेला असताना रडारसॅट-2 आणि टेराएसएआर-एक्स या रडार उपग्रहांच्या प्रतिमांत विवरातला घुमट वाढताना दिसला, सेकंदाला सुमारे 25 घनमीटरच्या वेगानं. भूकंपमापकं आणि वायूची मोजमापं तेच सांगत होती, म्हणून हलवण्याची हद्द दहा, मग पंधरा, मग वीस किलोमीटरपर्यंत नेली गेली. 4 आणि 5 नोव्हेंबरच्या मधल्या रात्रीच्या मोठ्या स्फोटाआधी हजारो लोक बाहेर निघाले होते. तिथं फेज नव्हता, कडी नव्हती, पण दुसऱ्या उपकरणांची साथ होती. 2018 च्या डिसेंबरात इंडोनेशियातल्याच अनाक क्राकाताऊचा अर्धा डोंगर समुद्रात गेला तेव्हाही, वर ढग असताना, काही तासांत तिथून गेलेल्या सेंटिनेलच्या प्रतिमेतच पडझड दिसली.

निसारकडून माझी अपेक्षा मोठी आहे. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून तो गेला. त्याची एल बँडची लहर 24 सेंटीमीटरची (सेंटिनेलची ती सी बँड), पानांतून खाली उतरते, म्हणून इंडोनेशियातल्या जंगली उतारांवर सेंटिनेलला जे जमलं नाही ते त्याला जमू शकेल. तोही बारा दिवसांनीच येतो. त्याचं एक कडं बारा सेंटीमीटरचं, तेव्हा लहान हालचाल त्यात कमी उठून दिसेल. एल बँडला आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) त्रास सी बँडच्या कितीतरी पट, आणि आपल्या अक्षांशाला तो सूर्यास्तानंतर वाढतो, म्हणून इथंही सकाळचीच फेरी घ्या. वाफेचं मात्र तसं नाही. पाण्याच्या वाफेला लहर 5 सेंटीमीटरची आहे की 24 ची, याचा काही फरक पडत नाही. ती दोघींना सारखंच थांबवते. नवा उपग्रह आला म्हणून हवा संपली, असं कुणी वर्गात सांगितलं तर हात वर करून हेच सांगा.

निसारची जोडी हाती आली की एक प्रयोग करा. गोव्याच्या किनाऱ्यापासून बेळगावपर्यंतचा तुकडा घ्या. सेंटिनेलमध्ये मधलं सह्याद्रीचं जंगल तुटतं आणि दोन बाजूंचा फेज जोडता येत नाही, निसारमध्ये तो जुळायला हवा. किनारा ते बेळगाव उंचीत साडेसातशे मीटरचा फरक आहे, त्यामुळं पूर्ण कडं होणार नाही, घाट चढताना रंग थोडासाच सरकेल. तीन तारखा घ्या, उंची आणि फेजचा आलेख काढा. घाटाखाली मॅग्मा नाही, हे तर सगळ्यांनाच मान्य आहे. तो आलेख इथं उत्तराखाली टाका, मी तो त्या सहकाऱ्याला पाठवणार आहे.